शाळेतला कागद आणि मुलाच्या मनाची अमानत



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मगरिबची नमाज आटोपून मी उठत होतो, तोच आमच्या मोहल्ल्यातील एक गृहस्थ खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापाशी आले. ते टेम्पो चालवतात. मराठी चांगली बोलतात, वाचताना मात्र अडखळतात. त्यांचा थोरला मुलगा तेव्हा नववीत होता. शाळेने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची प्राथमिक तपासणी योजली होती आणि त्यासाठी पालकांची संमती मागवली होती. "मौलाना, इसपे सही करूं क्या? बच्चे को पागल तो नै ठहराते ना?" असे त्यांनी विचारले. मी कागद वाचला. खाली नमुन्यादाखल काही प्रश्न दिले होते. झोप लागते का, भूक कशी आहे, एकटे वाटते का, जगणे नकोसे वाटते का. शेवटचा प्रश्न वाचून मी दचकलो. चौदा वर्षांच्या मुलाला असे विचारणे म्हणजे नसलेला विचार त्याच्या डोक्यात भरणे होय, असे माझे तत्काळ मत झाले. "गरज नाही," मी म्हणालो, "त्याला फजरला मशिदीत आणत चला. मनाची शांती अल्लाहच्या स्मरणात आहे." त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली आणि ते निघून गेले.

मी जे सांगितले त्यात खोटे असे काहीच नव्हते. तरीही उत्तर चुकीचे होते, आणि ते उमगायला मला पुढचा रमजान उजाडावा लागला.

रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत मी एतेकाफला बसलो होतो. एका रात्री तरावीहनंतर तोच मुलगा पडद्यापाशी येऊन बसला आणि त्याने मला मसला विचारला. मृत्यूची इच्छा करणाऱ्याचे ईमान शिल्लक राहते काय? मदरशात शिकलेले उत्तर माझ्या ओठांवर तयार होते. संकटाला कंटाळून कोणी मृत्यूची कामना करू नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे, स्वतःचा जीव घेणे हराम आहे. मी ते सांगितले, हवालेही दिले. मुलगा "जी" म्हणाला. उठण्याआधी त्याने एकदा दाराकडे आणि एकदा वुजूखान्याकडे वळून पाहिले.

अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत एक छोटी हदीस आहे. तिचा आशय असा, की एखाद्या माणसाने बोलताना मागे वळून पाहिले, तर त्याचे ते बोलणे ऐकणाऱ्यापाशी अमानत झाले. 'हे कोणाला सांगू नका' असे त्याने तोंडाने म्हणण्याची गरज उरत नाही. ही हदीस मी विद्यार्थीदशेत शिकलो होतो आणि पुढे मुलांना शिकवलीही होती. त्या रात्री ती मला प्रथमच डोळ्यांनी दिसली. "बस बेटा," मी म्हटले, "ये मसला किसका है?"

तो बराच वेळ रडला, मग बोलला. गेले आठ महिने त्याला नीट झोप नव्हती. शाळेच्या त्या कागदावरील जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे त्याचे उत्तर 'होय' असे होते. तपासणीच्या दिवशी वर्गातील बहुतेक मुले सभागृहात गेली आणि ज्यांच्या कागदावर सही नव्हती अशी चारपाच मुले वर्गात बसून राहिली. त्यांच्यात तो होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे जिल्हा रुग्णालयात गेलो. उपचार सुरू झाले. आज तो अकरावीत आहे आणि सुट्टीत वडिलांबरोबर टेम्पोवर जातो. ही हकिकत मी त्या दोघांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्याच्या अंतःकरणात काय आहे हे शोधण्याचा अधिकार कोणाला आहे का? आपल्या धर्मात हा प्रश्न साधा नाही. सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने श्रद्धावंतांना वाईट तर्क करण्यापासून, दुसऱ्याची टेहळणी करण्यापासून आणि पाठीमागे निंदा करण्यापासून रोखले आहे. टेहळणीला तेथे जो शब्द आला आहे तो 'तजस्सुस'. माझ्या परिचयातील एका आलिमांनी शाळेच्या तपासणीला विरोध केला तो याच आधारावर. अल्लाहने जे झाकले ते कागद वाटून उघडे करण्याचा अधिकार शाळेला कोणी दिला, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

परंतु तजस्सुस म्हणजे निव्वळ विचारणे नव्हे. दोष हाती लागावा आणि तो त्या माणसाविरुद्ध वापरता यावा, यासाठी केलेला शोध म्हणजे तजस्सुस. आजाऱ्याच्या उशाशी बसून 'कसे वाटते?' असे विचारणेही शोधच आहे. पण त्याला आपण 'इयादत' म्हणतो आणि तिचे पुण्य सांगतो. प्रश्न तोच, शब्दही तेच. फरक एवढाच, की उत्तर मिळाल्यानंतर विचारणारा त्याचे काय करणार आहे.

प्रेषितांच्या (स.) चरित्रातील एक प्रसंग या संदर्भात मला फार मोलाचा वाटतो. हजरत अनस (रजि.) यांचा एक धाकटा भाऊ होता, अबू उमैर नावाचा. त्याने एक लहानसा पक्षी पाळला होता. एकदा प्रेषित (स.) त्या घरी आले असता मूल उदास दिसले. त्यांनी घरच्यांना विचारले, याला काय झाले? पक्षी मेल्याचे कळले. मग ते त्या मुलाकडे वळले आणि त्याच्या नावाशी यमक जुळवून त्यांनी त्याच्या पक्ष्याची चौकशी केली. शाफिई विद्वान इब्नुल कास यांनी या एवढ्याशा हदीसवर स्वतंत्र पुस्तिका लिहून तिच्यातून साठ मुद्दे काढले. मला त्यातील क्रमाचे महत्त्व वाटते. आधी चेहऱ्याकडे लक्ष गेले, मग पालकांना विचारले, मग खुद्द मुलाशी त्याच्या भाषेत बोलणे झाले. आणि पक्षी मेल्याचे दुःख ते केवढे, असे कोणी म्हटले नाही.

आपण मात्र तेच म्हणतो. मूल वयात आले की ते मुकल्लफ झाले, नमाज-रोजाचा जाब त्याला द्यायचा आहे, हे आपण त्याला बजावतो. तेच मूल दुःख सांगू लागले की 'तुझे वय काय, तुला कसले टेन्शन?' असे विचारतो. जाब देण्यापुरते प्रौढ आणि दुःख करण्यापुरते लहान, अशी ही विभागणी शरीअतमधून आलेली नाही. ती आपल्या सोयीतून आली आहे.

दुसरा आक्षेप ईमानचा. ज्याचे ईमान पक्के त्याचे मन खचत नाही, असे आमच्या व्यासपीठांवरून सर्रास बोलले जाते. मीही बोललो आहे. असे बोलणाऱ्यांनी कुरआन पुन्हा वाचावा. पुत्रवियोगात हजरत याकूब (अ.) यांचे डोळे दुःखाने पांढरे झाले, ते अल्लाहचे प्रेषित होते. हजरत मरयम (अ.) प्रसूतिवेदनांनी खजुरीच्या बुंध्यापाशी आल्या तेव्हा आपण याआधीच मरून विस्मृतीत गेलो असतो तर बरे झाले असते, असे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले. अल्लाहने ते उद्गार आपल्या ग्रंथात जतन केले आणि त्यावर रागावण्याचा एकही शब्द नाही. दुःख करू नका, पायाशी झरा आहे, बुंधा हलवा, ताजी खजूर पडेल, खा, प्या, असा दिलासा आला. त्यानंतर, लोक भेटले तर आज मी कोणाशी बोलणार नाही असा नवस केल्याचे त्यांना कळवावे, ही मुभाही मिळाली. म्हणजे आधी पाणी आणि अन्न, मग लोकांच्या चौकशीपासून संरक्षण. मी त्या मुलाला आधी मसला दिला होता.

प्रेषितांच्या (स.) नित्याच्या दुआंमध्ये चिंता आणि दुःख यांपासून अल्लाहचा आश्रय मागितलेला आहे, आणि उपचार करा, अल्लाहने आजाराबरोबर औषधही उतरवले आहे, ही शिकवणही त्यांचीच. हिजरी ३२२ मध्ये निधन पावलेले अबू जैद बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ रचला. तेव्हा मनाचा आजार ही पाश्चात्त्यांनी काढलेली टूम आहे, हे म्हणणे आपल्याच परंपरेच्या अज्ञानातून येते. याच अज्ञानापायी 'असर' झाला म्हणून मुलाला या आमिलाकडून त्या आमिलाकडे नेण्यात कित्येक घरांत सहा-सहा महिने निघून जातात. दुआ जरूर करावी. डॉक्टरांचा दरवाजा त्यामुळे बंद होत नाही.

आणि तो प्रश्न, ज्याने मी दचकलो होतो? विचारल्याने विचार मनात शिरतो ही माझी भीती निराधार होती. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांमधील दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आत्महत्येविषयी विचारले गेलेली मुले न विचारलेल्यांपेक्षा अधिक अस्वस्थ झाली नाहीत. ज्यांच्या मनात आधीपासून काही होते, त्यांना उलट थोडे हलके वाटल्याचे दिसले.

आकडे पाहिले तर विषयाची निकड कळते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत महाराष्ट्रातील १,७६४ होते. ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयाच्या ७.३ टक्के मुलामुलींमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. आरोग्य पथक शाळेत येऊन डोळे, दात आणि रक्त तपासते त्याला आपल्यापैकी कोणी हरकत घेतल्याचे मी ऐकलेले नाही.

इथवर वाचून आपण म्हणाल, मौलानांनी सही करायला सांगून विषय संपवावा. तसे मला करता येत नाही, कारण दुसरी एक हकिकतही माझ्याजवळ आहे.

शेजारच्या तालुक्यातील एका शाळेत अशीच तपासणी झाली. वर्गातच कागद वाटले, वर नाव आणि हजेरी क्रमांक लिहायला लावला आणि भरून झाल्यावर ते एका मुलीकरवी गोळा केले. दहावीतील एका मुलीने खरी उत्तरे लिहिली होती. दुपारच्या सुट्टीपर्यंत ती वर्गाला कळली, संध्याकाळपर्यंत मोहल्ल्याला. आठवड्याभरात तिची शाळा सुटली आणि तिच्यासाठी स्थळे पाहण्याची घाई सुरू झाली, कारण बात फैलण्याच्या आत लग्न उरकावे असे घरच्यांना वाटले. तिचे मामा माझ्याकडे आले म्हणून मला हे कळले. लग्न कसेबसे थांबले. ती १७ नंबरचा फॉर्म भरून पुढच्या वर्षी दहावीला बसली. ती शाळेत परत गेली नाही.

या मुलीने विश्वास ठेवला आणि तिची अमानत मोडली गेली. मी न विचारण्याचा सल्ला देऊन एका मुलाला एकटे पाडले. त्या शाळेने विचारून एका मुलीला उघडे पाडले. कोणता अपराध मोठा, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

तपासणी म्हणजे काय हेही नीट समजून घेतले पाहिजे. मराठीत तिला चाळणी चाचणी म्हणतात आणि तो शब्द अगदी योग्य आहे. चाळणीत खडे राहतात तसे थोडे चांगले दाणेही अडकतात आणि बारीक खडा खाली पडतोही. समजा, शाळेत ४०० विद्यार्थी आहेत आणि त्यांतील ३० जणांना खरोखर आजार आहे. चाचणी दहापैकी आठ आजारी मुले बरोबर ओळखते आणि दहापैकी आठ निरोगी मुलांना बरोबर सोडते, असेही धरू. मग ३० पैकी २४ सापडतील, सहा निसटतील. आणि ३७० निरोगी मुलांपैकी ७४ विनाकारण अडकतील. म्हणजे ९८ मुलांच्या नावापुढे खूण होईल आणि आजारी त्यांतील २४ असतील. या प्रत्येकाशी जाणत्या माणसाने निदान अर्धा तास एकांतात बोलले, तर ४९ तास लागतात. हे तास शाळा कोठून आणणार, हा प्रश्न विचारल्याशिवाय सही करणे म्हणजे मुलाला दारापर्यंत नेऊन सोडणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विल्सन आणि युंग्नर यांच्या निकषांत हेच सांगितले होते, की पुढील निदानाची आणि उपचाराची सोय असेल तेथेच अशी चाळणी लावावी. आमच्या परंपरेच्या भाषेत सांगायचे तर, ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो अमानतदार होतो. आणि जो स्वतःहून दुःख विचारायला जातो त्याच्यावर तर हे ओझे अधिकच पडते, कारण त्याने ते आपणहून उचलले.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याच्या काळजीची जबाबदारी शासनावर टाकली. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमण्याचे निर्देश दिले. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने त्याच वर्षी तिसरी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी तपासणीचा कायदा केला. पालकांना नकार देण्याची मुभा त्यातही आहे.

पालकांचा अधिकार हा या विषयातील सर्वांत अवघड भाग आहे. पिता वली आहे. पण विलायत म्हणजे हिताची राखण. मुलाच्या अंतःकरणावरची मालकी ती नव्हे. मुलाने समुपदेशकाला सांगितलेले सर्व काही घरी कळावे, असा आग्रह आपण धरला तर पुढच्या वेळी मूल खरे बोलणार नाही आणि आपली सही निव्वळ शाई ठरेल. दुसरीकडे, जिवाला धोका असेल तेथे गुपित पाळणे हा विश्वासघात आहे. शरीअतच्या उद्दिष्टांत जिवाचे रक्षण आहे, आणि इमाम गजाली यांनी जेथे एरवी निषिद्ध असलेले बोलणेही क्षम्य ठरते अशी स्थाने सांगितली त्यांत दुसऱ्याला अपायापासून सावध करणे हेही आहे. अशा वेळी पालकांना त्याच दिवशी सांगितले पाहिजे, आणि शक्य तर मुलाला तसे सांगून. या दोन टोकांच्या मध्ये जे आहे ते मुलाच्या संमतीने आणि त्याच्या समक्ष घरी पोहोचावे, असे माझे मत आहे. दुःखाचे कारण घरातच असेल, तर मात्र घर हा साक्षीदार राहत नाही. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा तो कळवणे बंधनकारक करतो आणि ते योग्यच आहे.

आणखी एक भीती आपल्या घरांत दबक्या आवाजात बोलली जाते, ती उघडच लिहितो. 'राग येतो का?' या प्रश्नाला आमच्या मुलाने 'हो' म्हटले, तर त्याच्या नावासह त्याच्याविषयी कोणता शेरा कोणाच्या फाइलमध्ये जाईल? हा संशय म्हणजे केवळ वहीम आहे, असे मी म्हणणार नाही. मात्र त्यावरचा उपाय मुलाला तपासणीपासून दूर ठेवणे हा नाही. कागद कोणाकडे राहील, किती काळ राहील, दाखल्यावर किंवा प्रगतिपुस्तकावर त्याची काही खूण येईल का, हे लेखी विचारणे हा आहे. विचारल्यावर बहुतेक मुख्याध्यापक सांगतात, असा माझा अनुभव आहे.

जाता जाता भाषेविषयी एक तक्रार. मी मराठीचा पदवीधर आहे, म्हणून ती मला अधिक बोचते. मी पाहिलेल्या एका प्रश्नावलीत 'आपणांस वारंवार खिन्नता जाणवते काय?' असे छापले होते. आठवीतल्या एका मुलाने 'खिन्नता' म्हणजे काय असे सरांना विचारले आणि सर म्हणाले, 'खाली नाही असे लिही.' ज्या घरात दखनी बोलली जाते तेथील मूल 'जी नै लगता' म्हणते, 'दिल घबराता' म्हणते. मराठी घरातले 'कशात मन लागत नाही' म्हणते. ज्या भाषेत मूल रडते त्या भाषेत प्रश्न नसेल, तर उत्तर कोणाचे मोजले जाते?

यंदा आमच्या गावातील शाळेची तपासणी पुढील महिन्यात आहे. मुख्याध्यापकांनी जुम्याच्या दिवशी मशिदीतून आवाहन करण्याची विनंती केली, तेव्हा मी चार गोष्टी मागितल्या. कागद वर्गात नव्हे तर वेगळ्या खोलीत भरावा. तो शिक्षकांनी वाचू नये. त्याची खूण कोणत्याही दाखल्यावर नसावी. आणि विचारणारी व्यक्ती पुढच्या आठवड्यातही शाळेत असावी. पहिल्या तीन त्यांनी मान्य केल्या. चौथीचे त्यांच्या हाती नव्हते. समुपदेशक तालुक्याहून पंधरवड्यातून एकदा येतात. मधल्या दिवसांसाठी शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक शाळेत आणि मशिदीच्या फलकावर लावण्याचे आम्ही ठरवले. तो मोफत आहे आणि रात्रीही चालतो. शिवाय मोहल्ल्यातील एक आपा आणि मी अशा दोघांनी जिल्हा रुग्णालयात जाऊन, ऐकावे कसे आणि रुग्णाला पुढे केव्हा पाठवावे, हे शिकून घ्यायचे कबूल केले आहे.

संमतीचे कागद या शुक्रवारी घरोघरी येतील. शनिवार ते मंगळवार मगरिबनंतर मी मशिदीच्या ओसरीवर बसणार आहे. ज्यांना कागद वाचून हवा असेल त्यांनी यावे आणि मुलालाही बरोबर आणावे.